नोराची धून

ही गोष्ट खरी आहे. विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. मी आता कुणाला पटवत बसत नाही.

भुताखेतांच्या गोष्टींच्या या पेजवर बहुतेक सगळं रात्री घडतं. माझ्याकडे ते दुपारी घडलं.

रविवार, ३० नोव्हेंबर २०१४. दुपारचे साडेचार. जर्मनीतलं आखन शहर.

पण आधी फिनबार आजोबांबद्दल सांगते, नाहीतर काहीच कळणार नाही.

मी मुक्ता. नवरा आखनला इंजिनिअर, मी त्याच्यामागे डिपेंडंट व्हिसावर आलेली. आम्ही पहिल्या मजल्यावर राहायचो. खाली एर्डगेशॉसला, म्हणजे तळमजल्यावर, फिनबार आजोबा एकटेच. आयरिश माणूस, जर्मन बायकोसाठी इथे येऊन राहिलेला. बायको आता नव्हती.

ते जन्मापासून आंधळे होते.

मी रोज तासभर खाली जाऊन त्यांची पत्रं आणि पेपर वाचून दाखवायचे. जर्मन माझं तोडकंमोडकंच, पण ते हसायचे नाहीत. चुकलं की बरोबर उच्चार सांगायचे आणि पुढचं वाच म्हणायचे.

त्यांच्या लहानपणी आयर्लंडात गावोगावचे जुने व्हायोलिनवाले एकेक करून मरत होते. तरुण पोरं परदेशी चालली होती. उरलेल्यांना जुन्या धुनांची लाज वाटायची. हा आंधळा मुलगा मात्र काठी टेकत घरोघर जायचा आणि म्हाताऱ्यांच्या चुलीपाशी बसून ऐकायचा. लिहिता येत नव्हतं, म्हणून सगळं डोक्यात. तीनशेच्या वर धुना. पुढे वीस-पंचवीस वर्षांनी तिकडच्या तरुणांना ते संगीत पुन्हा हवंसं झालं, तेव्हा देणारे असे किती उरले होते? ते सगळे याच्याच दारात आले.

त्यांचा नियम एकच. धून वाजवण्याआधी ती कुणाकुणाकडून आली त्यांची नावं घ्यायची.

"सगळ्यांची," ते म्हणायचे. "एकानं माझ्या अंगावर कुत्रा सोडला होता. पण धून त्याच्याकडून आली, म्हणून त्याचंही नाव घेतो. मला चेहरे माहीत नाहीत, मुक्ता. माझ्यासाठी माणूस म्हणजे नाव आणि आवाज. आवाज ठेवलास आणि नाव टाकलंस, तर त्या माणसानं जायचं कुठे?"

एक धून त्यांनी कुणालाच दिली नव्हती. नोरा केली नावाच्या म्हातारीची. ती त्यांनी तिच्या शेवटच्या आजारपणात घेतली होती.

माझा नवरा लहानपणी इचलकरंजीत व्हायोलिन शिकलेला. मीच त्याला खाली घेऊन गेले. हे लिहिताना अजूनही स्वतःचा राग येतो.

आजोबांना तो आवडला. तीन महिने, दर शनिवारी सकाळी, त्यांनी त्याला नोराची धून शिकवली. त्या वेळेला मी बेकरीत कामाला असायचे. मी ती ऐकली ती घरी, नवऱ्याच्या रियाजात. ऐकून ऐकून पाठ झाली. आजोबा शिकवताना टाचेनं ठेका धरतात, हेही त्याच्याकडूनच कळलं. ठक्... ठक्-ठक्. तो नक्कल करायचा आणि आम्ही हसायचो.

"नावं घेईल ना तो?" आजोबांनी मला विचारलं होतं.

"माझी जबाबदारी," मी म्हणाले.

ऑक्टोबरमध्ये आमच्या भागातल्या हॉलमध्ये देशोदेशीच्या लोकसंगीताचा कार्यक्रम होता. आजोबा माझा हात धरून पहिल्या रांगेत बसले. नवरा स्टेजवर आला. कानाच्या पाळीला बोट लावलं आणि वाजवायला लागला.

एकही नाव घेतलं नाही.

मला वाटलं, शेवटी घेईल. वाजवलं मात्र फारच सुंदर. टाळ्या थांबेनात. निवेदिका माईक घेऊन पुढे आली. "किती छान! ही तुमची स्वतःची रचना का?"

तो हसला.

"जा, गेनाऊ."

हो, अगदी बरोबर. दोन शब्द.

आजोबांनी माझ्या हातातला हात हळूच काढून घेतला.

घरी आल्यावर मी कडाडलेच. "असं कसं म्हणालास तू?"

"अगं, त्या गडबडीत काय सगळा इतिहास सांगत बसू? आणि मी कानाला हात लावला होता की! आपल्याकडे गुरूला मान असाच देतात."

"नाव घेताना लावतात, नावाऐवजी नाही! आणि ते आंधळे आहेत रे. त्यांना तुझा हात दिसणार होता का?"

खरं सांगू, आपण चुकलो हे त्याला स्टेजवरच कळलं होतं. पण टाळ्या गोड लागल्या होत्या.

सोमवारी पेपरात छापून आलं. भारतीय इंजिनिअरची स्वतःची रचना, असं. आजोबा म्हणाले, "वाच." मी वाचलं. ती एक ओळ सोडून.

"मुक्ता," ते शांतपणे म्हणाले, "तू एक ओळ गाळलीस. तिथे तुझा श्वास अडकला."

मी रडले. दुसऱ्या दिवसापासून वाचायला यायची गरज नाही, एवढंच ते म्हणाले.

तीन आठवड्यांनी ते गेले. पुतण्यानं येऊन सामान हलवलं. पुढचा भाडेकरू येईपर्यंत एक किल्ली माझ्याकडे राहिली.

आता तो रविवार.

नवऱ्याच्या ऑफिसात ख्रिसमसचा कार्यक्रम होता. "तुझी ती धून वाजव," असं सगळ्यांनी सांगितलेलं. मी कुकर लावत होते. तिकडच्या हिवाळ्यात दुपारीच अंधारतं, तसं बाहेर अंधारायला लागलं होतं. त्यानं महिनाभरानं व्हायोलिन काढलं.

पहिला भाग नीट वाजला.

मग दुसरा भाग सुरू झाला आणि...

आवाज बंद.

मी वळून पाहिलं. व्हायोलिनचा बो, म्हणजे गज, चालत होता. बोटं तारांवर फिरत होती.

आवाज मात्र नव्हता.

मला वाटलं, माझेच कान गेले. पण कुकरची शिट्टी झाली, ती ऐकू आली. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. त्यानं पुन्हा सुरुवातीपासून घेतलं. पहिला भाग स्वच्छ, खणखणीत. दुसऱ्या भागाला पुन्हा तेच. नुसता हलणारा हात.

आणि मग खालून...

ठक्.

ठक्-ठक्.

दुसऱ्या भागाचाच ठेका. तो बो हलवत होता त्याच लयीत.

त्यानं बो थांबवला. ठेका थांबला नाही.

"हायत्सुंगचा, हीटिंगचा पाइप असेल," तो म्हणाला. "गरम झाला की वाजतो."

मी किल्ली घेतली. मागून तोही आला, मला एकटीला सोडायची लाज वाटली म्हणून.

खालच्या खोलीत काही म्हणजे काही नव्हतं. उघडी लाकडी जमीन. दिवा लावला. आवाज बरोब्बर खिडकीजवळून येत होता, जिथे आजोबांची खुर्ची असायची.

नवऱ्यानं जाऊन रेडिएटरला हात लावला.

तो बर्फासारखा गार होता. हायत्सुंग बंदच होतं.

ठक्... आता आवाज त्याच्या पाठीमागून आला. अगदी टाचेजवळून.

"नावं घे," मी म्हणाले.

"मुक्ता, काहीतरीच काय..."

"घे म्हणते ना!"

"नोरा केली," त्याचा आवाज फाटला. "फिनबार... फिनबारकडून मला..."

ठेका थांबला. वरच्या कुकरची वाफ सुटल्याचंही ऐकू आलं.

मला वाटलं, मिटलं. आजोबांना हवं होतं ते मिळालं. पण त्या धुनेचा दुसरा भाग त्याच्या व्हायोलिनमधून पुन्हा कधीच निघाला नाही. बाकी सगळं वाजायचं. पुढे त्यानं व्हायोलिनच कपाटावर टाकून दिलं.

२०१६च्या मार्चमध्ये आयर्लंडहून एका बाईचा फोन आला. आजोबांची जुनी विद्यार्थिनी. पुतण्यानं माझा नंबर दिला होता. त्यांच्या सगळ्या धुना ती गोळा करत होती.

"एकच मिळत नाही," ती म्हणाली. "नोराची. ती त्यांच्याबरोबरच गेली असं आम्ही धरून चाललोय."

फोन स्पीकरवर होता. नवरा समोर सोफ्यावर, पाय वर घेऊन, पांघरुणात बसला होता.

"मला येते," मी म्हणाले.

मी गुणगुणले. पहिला भाग. मग श्वास धरून दुसरा. तो आला. पूर्ण आला. पलीकडे ती बाई रडत होती. धून वाचली होती.

"कुणाकडून मिळाली?" तिनं रीतीप्रमाणे विचारलं.

"नोरा केली. फिनबार."

"आणि त्यांच्याकडून थेट तुला?"

नवरा माझ्याकडे बघत होता. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी मागणं होतं. त्याचे तीन महिने. त्याचा रियाज. तो नसता तर माझ्या कानावर ती धून पडलीच नसती.

मला तो हॉल आठवला. काढून घेतलेला हात आठवला.

"हो," मी म्हणाले. "थेट मला."

तो उठून आत गेला.

आणि...

ठक्.

ठक्-ठक्.

माझ्याच खुर्चीखालून.

"वा," फोनवरची बाई डोळे पुसत हसली असावी, "ठेका कोण धरतंय तुझ्याबरोबर?"

मी फोन ठेवला.

त्याला तीन वर्षं झाली. आम्ही घर बदललं. आताचं घर तळमजल्यावर आहे, खाली केलर, म्हणजे तळघरसुद्धा नाही, नुसती माती. तरी तो ठेका येतो. बहुतेक दुपारीच, मी एकटी असताना.

त्यांना काय हवंय ते मला पक्कं माहीत आहे. तुमच्याही लक्षात आलं असेल, एवढं सगळं लिहिलं, पण नवऱ्याचं नाव मी कुठेही घेतलेलं नाही.

आजोबा, त्यानं तुम्हाला फसवलं. मी तुमच्यासाठी त्याच्याशी भांडले, तुमची धून तुमच्या गावी पोचवली. आणि तुम्ही येता ते त्याच्या बाजूनं, माझ्या खुर्चीखाली? हे मला फार लागलंय.

परवा नवरा म्हणाला, "घेऊन टाक ना एकदा. मलाही ऐकू येतं ते."

मी तोंड उघडलं. नाव ओठांवर आलं होतं.

पण नाही घेतलं.