चुकीच्या बाकावरचे दोन हात

बॉल गडगडत आला तेव्हा अक्षता दिंडोशीच्या मैदानाच्या कडेला, पायरीवर, कुबडी शेजारी ठेवून बसली होती. तिने बसल्या जागीच चांगला पाय पुढे केला, बॉल अडवला आणि असा परतवला की तो थेट समोरच्या ग्लोव्हजमध्ये जाऊन विसावला.

ग्लोव्हजवाला उंच मुलगा बघतच राहिला.

"बसल्या जागेवरून? कोण गं तू?"

"या क्लबची नऊ नंबर. तू कोण रे?"

"हर्षद. दिवसा कोर्टात टायपिंग करतो. आजपासून मुलींच्या टीमच्या गोलकीपरला शिकवणार."

"मग तिला शिकव ना. माझ्याकडे काय बघतोस?"

तो हसून वळला. पण... त्या संध्याकाळी बॉल पुन्हा पुन्हा तिच्याकडेच गडगडत आला.

अक्षताने या क्लबसाठी ढिगाने गोल मारले होते. मग गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं, ऑपरेशन झालं. कुबडी सुटली तोवर नऊ नंबरची जर्सी टीममधल्याच शीतलच्या अंगावर गेली होती. क्लब चालवणारे अण्णा म्हणाले, "पोरी, खूप खेळलीस. आता लहान मुलींना शिकव." घरी आयेने बजावलं, "परत पाय मोडून इलंस तर माझ्याकडे येव नको!"

अक्षताने दोघांचंही ऐकून घेतलं आणि दुसऱ्या सकाळी एकटीच मैदानावर गेली. हर्षद आधीच गोलात उभा होता.

"तुला कोणी बोलावलं?"

"कोणी नाही. गोल रिकामा असला तर मारण्यात काय मजा?"

तेव्हापासून रोज सकाळी ती मारायची, तो अडवायचा. गुडघा ठणकला की ती पायरीवर बसायची, आणि तो आपल्या लाडक्या इंग्लिश स्ट्रायकरची गोष्ट काढायचा. त्याला तो 'साहेब' म्हणायचा. घरी भिंतीवर साहेबाचं पोस्टर होतं.

"लहानपणीच क्लबने साहेबाला घरी पाठवलं. म्हणे, अंगात जोर नाही. मग कधी या क्लबात उसना, कधी त्या. बाकावर बसून बसून पँट झिजली बिचाऱ्याची."

"मग?"

"आधी दहा शॉट मार. मग सांगतो."

"ब्लॅकमेल करतोस?"

"हो."

ती उठायची. ओठ घट्ट मिटून, त्याच दुखऱ्या पायाने मारायची.

अण्णांचं मत मात्र बदललं नाही. शेवटी मुलुंडच्या एका क्लबने तिची चाचणी घेतली आणि तिला खेळायला बोलावलं. हे सांगताना तिची नजर बुटाच्या नाडीवर होती. हर्षदने हातातले ग्लोव्हज उगाच झटकले.

"झकास," तो म्हणाला. "साहेबही क्लब सोडून गेला होता. मग जुन्या क्लबवरच गोल मारला. पण हात वर केले नाहीत. ज्यांनी मोठं केलं, त्यांच्यावर गोल मारून नाचायचं नाही... रीत आहे तिकडच्या खेळाडूंची."

"मी नाचणार. अण्णांसमोर फुगडी घालणार!"

"घाल. मी बघीन."

"तू दिंडोशीच्या बाकावर असशील. तू काय करणार?"

"मी... कपाळाला हात लावीन. दुसरं काय?"

मुलुंड आणि दिंडोशीचा सामना दिंडोशीलाच झाला. पाऊस भुरभुरत होता, तांबडा चिखल गुडघ्यापर्यंत उडत होता. आये छत्री घेऊन पायरीवर बसली होती. मुलीच्या पायावरून तिची नजर हलत नव्हती. दिंडोशीच्या गोलात हर्षदने तयार केलेली संघमित्रा उभी होती. ती अक्षताचा एकेक शॉट अडवत होती.

खेळ संपत आला. डावीकडून पास आला. अक्षताने ऑपरेशनच्या पायाकडे क्षणभरही पाहिलं नाही. त्याच पायाने मारला. संघमित्राच्या बोटांना चाटून बॉल जाळीत गेला.

मुलुंडच्या मुली धावत आल्या. अक्षताचे पाय नाचायला शिवशिवले... तेवढ्यात तिला ती पायरी दिसली. कुबडी घेऊन ती जिथे बसायची ती. तिने हात खाली ठेवले, मान झुकवली. मैदान गप्प झालं.

आणि त्या शांततेत दिंडोशीच्या बाकावरून एक उंच माणूस उडाला. दोन्ही हात आकाशात!

"अरे हर्षद!" अण्णा ओरडले. "गोल आपल्यावर झालाय!"

सगळं मैदान हसलं. हर्षदला हात खाली घेणं सुचेना. अक्षताने मान वर केली, त्याच्याकडे पाहिलं आणि मग कोणाचीच पर्वा न करता पाहतच राहिली.

सामना संपल्यावर तो पायरीपाशी, आयेजवळ बसलेल्या अक्षताकडे आला. कान लाल.

"अण्णांनी काढलं?"

"नाही. पण तू खेळत असशील तेव्हा आमच्या बाकावर बसायचं नाही, म्हणाले."

"मग कुठे बसणार?"

"तू सांगशील तिथे." त्याने एक श्वास घेतला. "मैदानाबाहेरही... कायम. चालेल?"

"विचार करते. आधी दहा शॉट अडव."

आयेने दोघांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग शेजारची पिशवी उचलून मांडीवर घेतली.

"उभो कित्याक रवलंस? बस हय."