सात दिवसांच्या आत

अर्जदाराचे नाव

कुंडलिक वाघमारे आला तो गणवेशातच. बाळकुमच्या ज्या सोसायटीच्या फाटकावर तो बारा तास बसायचा, तिथेच संचिता केणी राहायची. रोज तिच्या गाडीसाठी फाटक उघडणारा माणूस त्या गुरुवारी तिच्या नौपाड्यातल्या ऑफिसात खुर्चीच्या कडेवर टेकला आणि टोपी मांडीवर घेऊन बसला.

ऑफिस म्हणजे दातांच्या दवाखान्यावरची एक खोली. संचिताने बारा वर्षं विमा कंपन्यांसाठी खोटे दावे शोधले होते. आता ती स्वतंत्रपणे तपास करायची. तिचा मदतनीस विनीत ओक सगळं लिहून ठेवायचा. त्यातलं काय महत्त्वाचं, ते त्याला सहसा नंतर कळायचं.

"मॅडम, माझ्या पोरीनं पैसे खाल्ले का, एवढंच सांगा," कुंडलिक म्हणाला. "खाल्ले असले तरी सांगा. मी हात नाही लावणार तिला. पण कळू दे मला."

बाकीचं त्याने तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. मुलगी मेघना, ठाण्यातल्या एका कॉलेजात कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाला. शिष्यवृत्तीतला फीचा भाग हल्ली कॉलेजला न जाता मुलांच्या खात्यात येतो आणि मुलांनी तो सात दिवसांत कॉलेजला भरायचा असतो. सरकार म्हणतं, दिले. कॉलेज म्हणतं, आले नाहीत. मेघना म्हणते, मला मिळालेच नाहीत. फी नाही तर हॉल तिकीट नाही, आणि परीक्षा सोमवारी.

कुंडलिक आठ दिवस मुलीशी बोलला नव्हता.

अर्जाची सद्यःस्थिती

फीचा हप्ता : मंजूर
रक्कम : ३८,५०० रुपये
विद्यार्थ्याच्या खात्यात जमा : १० फेब्रुवारी
महाविद्यालयास भरणा : प्रलंबित

शेजारी मेघनाचं पासबुक. फेब्रुवारी महिन्यात एकच नोंद : मेसेज पाठवण्याच्या सेवेचे अठरा रुपये वजा.

"एक कागद खोटा आहे," विनीत म्हणाला.

"दोन्ही खरे असले तर?"

विनीतने हा प्रश्नही लिहून घेतला.

महाविद्यालयाचा शेरा

फीच्या खिडकीमागे सलिल प्रधान बसायचा. त्याचा मेघनावर बिलकूल विश्वास नव्हता आणि ते लपवायची त्याला गरजही वाटली नाही. सगळी मुलं हेच सांगतात, तो म्हणाला. गेल्या वर्षी एकाने फीच्या पैशांची बाइक घेतली आणि त्याच बाइकवर बसून हमीपत्र द्यायला आला.

कॉलेजात कोणी पैसे वळवले असतील का, असं संचिताने सरळच विचारलं. सलिल हसला. पैसे आमच्या हाताला लागतच नाहीत, तोच तर त्रास आहे, असं त्याचं म्हणणं. पूर्वी यादी यायची, रक्कम यायची, विषय संपायचा. आता एकेका मुलाच्या मागे धावा. बरं, ही मुलं भरतात तीही कशी. मागच्या महिन्यात याच वर्गातली एक मुलगी लागोपाठ चार दिवस खिडकीवर उभी. दहा हजार, दहा हजार, दहा हजार, मग साडेआठ. एका फीच्या चार पावत्या फाडल्या त्याने.

"एकदम का नाही आणलेस, विचारलं. म्हणते, आई रोज एवढेच देते."

विनीतने आकडे लिहिले, कारण तो आकडे लिहायचाच.

अर्ज कोणी भरला

डोंबिवलीला, मानपाडा रोडवर आर्यनचं इंटरनेटचं दुकान होतं. मेघनाचा अर्ज त्यानेच सप्टेंबरात भरला होता. त्याने लगेच प्रत काढून दाखवली. खाते क्रमांक पासबुकाशी तंतोतंत जुळला.

"ताई, आपण एक आकडा चुकवत नाय," आर्यन म्हणाला. "पासवर्ड पण ठेवत नाही कोणाचा." मग संचिताच्या नजरेकडे बघून : "म्हणजे ठेवतो. वहीत. पोरं विसरतात ना."

विनीतने संचिताकडे अर्थपूर्ण नजरेने पाहिलं. तिने दुसरंच विचारलं : पासवर्ड हाती असला, तर तिथे खातं बदलता येतं का?

आर्यनने डोकं खाजवलं. अर्ज मंजूर झाला की काहीच बदलत नाही, तो म्हणाला. शिवाय खात्याचा नंबर नुसता दिसायला असतो. साइट आधार बघते, बोटाचा ठसा घेते, पुढचं त्यांचं ते.

"चोर सापडला," रिक्षात बसल्यावर विनीत म्हणाला. "सगळ्यांचे पासवर्ड वहीत."

"वहीत ठेवून आपल्याला कशाला सांगेल, रे?"

अर्जदाराचे स्वयंघोषणापत्र

मेघना चाळीतल्या खोलीत झेरॉक्स केलेल्या नोट्स पसरून बसली होती. तिने चहा केला, पण बोलली मोजकंच. बाबांनी पाठवलंय, हे तिला आवडलं नव्हतं.

"त्यांना एकदा सांगितलं, मी घेतले नाहीत. पुन्हा नाही सांगणार."

संचिताने फीचं काहीच विचारलं नाही. सप्टेंबरनंतर अंगठा कुठे कुठे दिलास, एवढंच विचारलं.

मेघनाने आठवून सांगितलं. रेशन दुकानात, दर महिन्याला. आणि दिवाळीच्या सुट्टीत मानपाड्याच्या एका कारखान्यात पाच आठवडे काम केलं तेव्हा. शाम्पूच्या पुड्या खोक्यांत भरायच्या. वर्गातल्या शिवानीची आई, कलावतीबाई, तिथे ठेकेदाराची सुपरवायझर आहे, तिने लावून दिलं. पहिल्या दिवशी आधारची झेरॉक्स घेतली आणि मशीनवर अंगठा घेतला, हजेरीसाठी म्हणून.

"पगार?"

"दिवसाला तीनशे. पाकिटात, रोख."

"सही करून?"

"हो. फक्त सही करताना आकड्यावर पट्टी ठेवलेली असायची. सगळ्यांच्याच."

निघताना संचिताने विचारलं, शिवानीलाही शिष्यवृत्ती आहे का. नाही, मेघना म्हणाली. तिच्या वडिलांची कंपनी दिवाळीत बंद पडली. पण अर्जाला उत्पन्नाचा दाखला मागच्या वर्षीचा लागतो, आणि मागच्या वर्षी पगार चालू होता.

"तिची फी भरली गेली कशीतरी," मेघना म्हणाली. "बरं झालं."

उत्पन्नाचा स्रोत

शुक्रवारी, सात तारखेला, संचिता आणि विनीत कारखान्यात गेले. कलावतीबाई पंचेचाळिशीची, ओढणी कमरेला खोचलेली, नजर खोक्यांवर. मेघनाबद्दल चांगलं बोलली. हात भरभर चालायचा पोरीचा, काम सोडून गेली तेव्हा वाईट वाटलं.

बोलणं चालू असताना तिच्या खिशातला जुना बटणांचा फोन मेसेज आल्यासारखा वाजायला लागला. एकदा, दोनदा, मग थांबेचना. तिने तो काढून बघितलाही नाही.

"पगाराचा दिवस," ती म्हणाली. "मला आता बाहेर जायचंय जरा. संध्याकाळी पाकिटं वाटायचीत."

ती त्यांना दारापर्यंत सोडायला आली आणि तिथे थांबली.

"पोरीचं हॉल तिकीट खरंच अडवलंय? फीसाठी?"

"अडतीस हजार पाचशे," संचिता म्हणाली. "दहा फेब्रुवारीला जमा झाले, आणि तिला दिसलेच नाहीत. आम्ही उद्या अकराला कॉलेजात आहोत."

कलावतीबाईने खिशावर हात ठेवला. फोन अजून वाजतच होता.

संशयित (लागू नसल्यास खोडावे)

~~सलिल. पैसे त्याच्यापर्यंत गेलेच नाहीत.~~
~~आर्यन. वही आहे, पण वहीने खातं बदलत नाही.~~
मेघना. (हे नाव विनीतने लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं.)

निर्णय

शनिवारी अकरा वाजता फीच्या खोलीत पाच माणसं होती : सलिल, कुंडलिक, मेघना, संचिता आणि विनीत. कुंडलिक आणि मेघना दोन टोकांना. पाच मिनिटांनी दार लोटून कलावतीबाई आत आली. एकटीच.

संचिताने शिवानीची आई म्हणून तिची ओळख करून दिली, तिला बसायला सांगितलं आणि सुरुवात केली.

"सरकारचा कागद खरा आहे आणि पासबुकही खरं आहे. पैसे मेघनाच्याच खात्यात गेले. फक्त तिचं दुसरं एक खातं आहे, ते तिला माहीत नव्हतं."

"खाते नंबर तर बरोबर होता," विनीत म्हणाला.

"आर्यन काय म्हणाला ते तुझ्याच वहीत आहे. नंबर दिसायला, साइट आधार बघते. आधारला शेवटचं जे खातं जोडलं, तिथे पैसे जातात. अर्ज सप्टेंबरचा. त्यानंतर, दिवाळीत, ठेकेदाराने मशीनवर अंगठा घेतला. हजेरीला अंगठा रोज लागतो; हा पहिल्या दिवशी एकदाच, आधारच्या झेरॉक्ससकट. तसा खातं उघडायला घेतात. आज सकाळी मेघनाने आधारच्या साइटवर बघितलं. जोडलेली बँक वेगळीच निघाली, जिथे तिने कधी पाऊलही टाकलेलं नाही."

"पण पगार तर रोख मिळायचा," मेघना म्हणाली.

"म्हणून तर सहीच्या आकड्यावर पट्टी. कागदावर पूर्ण किमान वेतन, तेही बँकेतून, म्हणजे तपासणीला सगळं स्वच्छ. खातं तुमच्या नावावर, कार्ड ठेकेदाराच्या कपाटात. सात तारखेला सगळ्या कार्डांवरून पैसे काढायचे, तीनशेच्या हिशेबाने पाकिटं भरायची, उरलेलं ठेकेदाराचं. पगार रोख वाटतात, मग पगाराच्या दिवशी एकाच फोनवर मेसेजवर मेसेज कसले? सगळ्या खात्यांना तोच एक नंबर दिलेला आहे."

सलिलने पेन खाली ठेवलं.

"म्हणजे दहा फेब्रुवारीला मेघनाच्या पैशांचा मेसेज त्या फोनवर आला," संचिता म्हणाली. "अशा कार्डांवर दिवसाला दहा हजारच निघतात. दहा, दहा, दहा, साडेआठ. चार दिवस. सलिलसाहेब, तुमच्या चार पावत्यांच्या तारखा काय आहेत?"

सलिलने पुस्तक उलटलं. अकरा, बारा, तेरा, चौदा फेब्रुवारी. नाव वाचून त्याने कलावतीबाईकडे पाहिलं आणि ते मोठ्याने वाचलं नाही.

"नियम पाळला गेला," संचिता म्हणाली. "सात दिवसांच्या आत पैसे याच खिडकीवर आले. शिवानीच्या नावावर."

कलावतीबाई बोलली, मेघनाकडे बघत.

"सोडून गेलेल्या पोरींची हजेरी ठेकेदार चालूच ठेवतो, कंपनीकडून पैसे उकळायला. मला वाटलं, हे त्याचेच. त्याचे घेतले तर काय पाप, असं म्हणाले मी. शिवानीचे बाबा घरी बसलेले. तिला सांगितलं, भिशी लागली, थोडी थोडी मिळते. तिला यातलं काहीच ठाऊक नाही." ती थांबली. "आकडा फीएवढाच होता, गं. तेव्हाच कळायला हवं होतं मला. कळलंही असेल. मी विचारलं नाही स्वतःला."

मेघनाची नजर खिडकीच्या गजांवर होती.

कुंडलिक उठला. खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेला, मुलीच्या शेजारची खुर्ची ओढून बसला. "मी आठ दिवस बोललो नाही तुझ्याशी," तो हळूच म्हणाला. "मला नुसतं विचारता आलं असतं."

"विचारलं होतंत," मेघना म्हणाली. "ऐकलं नव्हतंत." पण तिने खुर्ची बाजूला सरकवली नाही.

पुढे काय, हे सलिलने सांगितलं, आणि त्याचा आवाज पहिल्या भेटीतला नव्हता. चारही पावत्या मेघनाच्या नावावर वळवता येतील, पण त्यासाठी पैसे कोणाचे आणि कसे काढले ते लेखी लागेल. हॉल तिकीट आजच मिळेल. शिवानीची फी मग बाकी दिसेल. तिच्यासाठी हमीपत्र घेऊन हप्ते पाडता येतात. प्राचार्य तासभर आहेत, सही तो स्वतः आणेल.

"आणि मी लिहून दिलं की?" कलावतीबाईने विचारलं.

"नोकरी जाईल," संचिता म्हणाली. "तक्रार करायची की नाही, ते मेघनाने ठरवायचं. तो तिचा हक्क आहे. मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही."

कलावतीबाईने कागद ओढून घेतला. ती सावकाश लिहीत होती, ओठ हलवत. दहा ओळी झाल्या. खाली सही केली आणि कागद सलिलकडे न देता मेघनापुढे ठेवला.

मेघनाने तो पूर्ण वाचला. मग परत वाचला.

"यात फक्त माझं आहे," ती म्हणाली.

"तुझेच घेतले ना मी."

"पट्टी सगळ्यांच्या आकड्यावर होती, काकी. कपाटात कार्डं किती आहेत?"

"चाळीस. माझं धरून."

"मग माझी तक्रार तुमच्यावर नाही. पण ती चाळीस नावं लिहा. सगळी."

बाहेर व्हरांड्यात मुलं आपापले परीक्षा क्रमांक शोधत होती. कलावतीबाईने सलिलकडे हात पुढे केला. त्याने एक कोरा कागद दिला, आणि जरा थांबून आणखी दोन दिले.

तिने वर तारीख घातली, समास आखला, एकचा आकडा टाकला. पहिलं नाव तिने स्वतःचं लिहिलं.