बंद केल्यावरचा उजेड

नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी मी खसखशीच्या दुधाचं भांडं मांडीवर घेऊन बसमध्ये बसलो होतो. त्या संध्याकाळच्या जेवणाला, कूचोसला, आमच्याकडे हे दूध लागतंच. माझ्या धाकट्या बहिणीचा, तेक्लेचा, हात दुखत असल्यामुळे यंदा खसखस मी वाटली होती. दूध सांडू नये एवढीच काळजी होती. तशी मला काळजी करायला कारण लागत नाही. विद्यापीठात आयुष्यभर वीज शिकवली, तरी बाहेर पडताना दिवा बंद केला की नाही ते पाहायला मी अजून जिन्यातून परत जातो.

आमच्या काउनास शहरात डिसेंबरला दुपारचा चहा संपेपर्यंत अंधार पडतो. तेक्लेच्या इमारतीपाशी पोचलो तेव्हा खिडक्यांत दिवे लागले होते आणि जिन्यात खारवलेल्या माशाचा वास भरला होता. दार उघडलं भाचीने. उर्ते डब्लिनला नोकरी करते, सणासाठी आली होती. तिने भांडं घेतलं आणि मला आत न घेताच हळू आवाजात म्हणाली, "मामा, आई स्वयंपाकघरात झोपते. बाकावर. माहीत होतं तुला?"

"नाही. का?"

"बाबांची खोली तिच्या झोपायच्या खोलीला लागून आहे ना... कॉम्प्युटर बंद होत नाही म्हणते. म्हणजे होतो बंद, पण... तूच बघ. आज तेवढं मिटव. नाही मिटलं तर मी घराला कुलूप लावून तिला डब्लिनला नेणार. अशी बाकावर मरू देणार नाही."

तेक्ले डब्लिनला! जिला शेजारच्या मोहल्ल्यातला बाजारसुद्धा परका वाटतो, ती तिथे दोन हिवाळे काढणार नाही, हे उर्तेलाही कळत होतं.

तेक्ले ओट्याशी बीट किसत होती. डोळ्यांखाली काळं.

"आलास प्रोफेसर? जा, भेट तुझ्या मेहुण्याला."

माझा मेहुणा फेलिक्सस वसंतात गेला. त्याच खोलीत, त्याच खुर्चीत, कॉम्प्युटरवर कुणा अनोळखी माणसाशी बुद्धिबळ खेळता खेळता. समोरच्याने बराच वेळ वाट पाहिली आणि डाव जिंकला असं पडद्यावर आलं, तेव्हा कुठे तेक्लेला कळलं. पेन्शनीनंतर त्याचं सगळं आयुष्य त्या टेबलापाशीच गेलं होतं. जेवायलासुद्धा त्याला हाका मारून आणावं लागे.

खोलीत गारठा होता. जुन्या सिगारेटींचा वास अजून खिडकीच्या पडद्यांत बसला होता. कॉम्प्युटरचा पडदा काळा, त्याचा पंखा थांबलेला, आणि त्या अंधारात कीबोर्डच्या अक्षरांखालून मंद हिरवा उजेड. अक्षरं दिसावीत म्हणून उर्तेनेच वडिलांना तो घेऊन दिला होता. माऊसच्या पोटाखाली लाल ठिपका. वर टॉवेल टाकलेला होता, पण उजेड त्याच्या विणीतून झिरपत होता.

मला हसूच आलं. खरं सांगतो, हायसं वाटलं.

"अगं, याला बंद म्हणतच नाहीत," मी मोठ्याने म्हणालो. "पडदा विझतो, पण प्लग भिंतीत आहे तोवर आतल्या पेटीतून पाच व्होल्ट वीज सतत चालू राहते. कीबोर्डला, माऊसला ती मिळत राहते. उद्या तू एखादी कळ दाबलीस तर यंत्राला जाग यावी, म्हणून. एक कान उघडा ठेवून झोपल्यासारखं आहे ते."

किसणी थांबली.

"म्हणजे ऐकतोय," तेक्ले म्हणाली.

मी नेहमी एक वाक्य जास्त बोलतो.

मग कामाला लागलो. यंत्र सुरू केलं. लवकर चालू व्हावं म्हणून हे यंत्र बंद होताना अर्धं जागंच राहतं. सेटिंगमधली त्यासाठीची खूण आधी काढली. बंद केलं. उजेड तसाच. पुन्हा सुरू केलं, आणि सुरू होता होताच कळ दाबून आतल्या मूळ सेटिंगमध्ये शिरलो. बंद असताना बाहेरच्या जोडण्यांची वीज तोडायची सोय तिथे असते. ती चालू केली, जतन केलं, बंद केलं. कीबोर्ड क्षणभर तसाच राहिला. मग हिरवं फिकं होत गेलं आणि गेलं. माऊसही.

तेक्ले दारात उभी होती. तिने अंधारात डोकावून पाहिलं. मग छातीवर क्रूस काढला आणि म्हणाली, "एवढंच होतं होय? आणि मी वेडी सहा महिने बाकावर कंबर मोडतेय."

"विचारायचंस ना मला."

"तुला विचारलं की तू समजावून सांगतोस. भीती वाटते त्याची."

उर्ते हसली. त्या घरात कोणी हसलेलं मी वसंतानंतर प्रथमच ऐकलं.

रीतीप्रमाणे आकाशात पहिली चांदणी दिसल्यावर आम्ही जेवायला बसलो. टेबलावर पांढरं कापड, त्याखाली वाळलेलं गवत, आणि भिंतीकडे फेलिक्ससचं रिकामं ताट, त्यात छोटी मेणबत्ती. चर्चमधून आणलेली कागदासारखी पातळ भाकर एकमेकांच्या हातून मोडून घेतली, एक तुकडा त्या ताटात ठेवला. आमच्या घराण्यात आणखी एक रीत आहे. त्या वर्षी गेलेल्या माणसाला घरातल्या सगळ्यांत वयस्क माणसाने नाव घेऊन जेवायला बोलवायचं, आणि जेवण झालं की नाव घेऊनच निरोप द्यायचा. आता सगळ्यांत मोठा मीच उरलो होतो.

"फेलिक्सस," मी म्हणालो, "ये. पान वाढलंय."

आतल्या खोलीत कॉम्प्युटरचा पंखा फिरू लागला.

दाराच्या फटीखाली हिरवी रेघ उमटली.

"एरवी तीन हाका माराव्या लागायच्या..." तेक्ले हळूच म्हणाली.

मी उठलो. खोलीत पडदा उजळला होता, त्यावर काही नव्हतं. काहीतरी चुकून राहिलं असेल, मी मनाशी म्हणालो. सेटिंग जतन झालं नसेल, घड्याळ लावून ठेवलं असेल, यंत्रं अशी आपोआप उठतात. यातलं प्रत्येक कारण पटण्यासारखं होतं. मी टेबलाखाली वाकलो आणि भिंतीतला प्लगच उपटला. सगळं विझलं.

"अपडेट," मी परत येऊन म्हणालो. "त्यासाठी कॉम्प्युटर अधूनमधून आपोआप सुरू होतो." दोघींनी मान हलवली. मासा खाल्ला, बीट खाल्लं, खसखशीचं दूध प्यालो. कशालाच चव नव्हती.

जेवण संपलं. तेक्ले म्हणाली, "आता निरोप दे त्याला."

मी तोंड उघडलं. तिने हात वर केला.

"थांब. ऐकणार कशाने? तू वायर काढलीस."

"तेक्ले..."

"बोलावलंस तेव्हा कान उघडा होता. तो आला. मग तू कान बंद केलास. आता तो इथे बसलाय आणि त्याला 'जा' ऐकू येणार नाही." तिने रिकाम्या ताटाकडे बोट दाखवलं. "मी आता बाकावरसुद्धा झोपणार नाही, झिग्मास."

उर्ते माझ्याकडे पाहत होती. लाव, असं डोळ्यांनी सांगत होती.

मी जाऊन प्लग पुन्हा लावला. उजेड आला नाही. सेटिंग नीट जतन झालं होतं म्हणायचं. त्या काळ्या कीबोर्डपुढे, मागे बहीण आणि भाची उभी असताना, मी वाकून म्हणालो, "फेलिक्सस, जेवलास. आता जा. देव तुझ्याबरोबर असो."

काहीच झालं नाही. आत कुठेतरी टक असा अगदी बारीक आवाज आला, गरम झालेला धातू निवताना येतो तसा. तेक्लेने सुस्कारा सोडला. "गेला," ती म्हणाली. त्या रात्री ती आपल्या पलंगावर झोपली. जानेवारीतला तीन राजांचा सण झाल्यावर उर्ते एकटीच डब्लिनला परतली.

मी विद्यापीठातला माणूस, शब्द तोलून वापरायची सवय. म्हणून आता तेच तेच मनात येतं. मी त्याला जा म्हणालो. कुठे, ते सांगितलं नाही. आणि त्या खोलीत त्याच्याशी बोलणारा मी एकटाच होतो.

माझा कॉम्प्युटर जुना आहे. कीबोर्ड त्याहून जुना, साधा, अक्षरं पुसट झालेली. तेक्लेकडच्यासारखा खाली दिवे असलेला तो नाहीच. गेल्या आठवड्यात मी तो उघडूनही पाहिला. आत रबर आहे, धूळ आहे, दिवा एकही नाही. वायर काढून मी तो कपाटात ठेवला होता. नंतर टॉवेलात गुंडाळला. विणीतून उजेड येतो, म्हणून आता टॉवेल दुहेरी केलाय.

तेक्लेचा काल फोन आला होता. झोप छान लागते म्हणाली. मी म्हणालो, बरं झालं.