तिसऱ्या बंदराचं पाकीट

शनिवारी साडेअकराच्या सुमारास वत्सलाबाई नवनगरच्या थांब्यावर चिगरी या शहरबसमधून उतरल्या आणि उन्हातून चालत लेकीच्या घरी आल्या. दीपश्री मुलांच्या पोहण्याच्या कपड्यांच्या घड्या घालत होती. दुसऱ्या दिवशी ती, नवरा अनिश आणि दोन मुलं सकाळच्या गाडीनं वास्कोला जाणार होती, आणि तिथून जहाजावर. गोवा, कोची, लक्षद्वीप, परत गोवा. पाच दिवस. हे ठरल्याला महिना झाला होता आणि महिनाभर वत्सलाबाई त्यावर काम करत होत्या.

एकतीस वर्षं त्यांनी हुबळीतल्या मराठी शाळेत भूगोल शिकवला होता, आणि जवळजवळ तेवढीच वर्षं शाळेची सहल काढली होती. सहलीतल्या प्रत्येक ठिकाणाचा एक कागद असे. काय बघायचं, पाणी कुठं प्यायचं, मुतारी कुठं, निघायचं कधी. तो कागद पाकिटात बंद, आणि पाकीट त्या ठिकाणी पोचल्यावरच उघडायचं. पुढचं ठिकाण आधी कळलं की पोरं समोरचं बघत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. कागदाच्या तळाशी एकच शब्द, 'मोजणी', आणि पुढं आकडा. तेवढी डोकी भरल्याशिवाय बस हलत नसे.

त्यांनी पिशवीतून तीन पाकिटं काढली. बंदर पहिले, बंदर दुसरे, बंदर तिसरे.

"जहाजवाल्यांच्या सहली घेऊ नका," त्या म्हणाल्या. "माणशी अडीच हजार घेऊन गार बसमधून फिरवतात. साकेत त्या बसमधे ओकणार."

"अज्जी, मी नाही ओकत," साडेतीन वर्षांचा साकेत म्हणाला.

"अळणावरपर्यंत नाही ओकत रे राजा. पुढं घाटात?"

सहा वर्षांची सावनी खदखदून हसली. वत्सलाबाई लेकीकडं वळल्या. "एका बंदरात एकच गोष्ट दाखवायची. जहाजावर पोटभर खाऊन उतरायचं. बाराला परत फिरायचं. लहान मुलांचा समुद्र बारा वाजता संपतो, दीपा."

"हो गं आई. लिहिलंयस ना सगळं?"

"लिहिलंय." मग थोड्या वेळानं, टॉवेलाची कड सरळ करत, "त्या खोलीत चौघं झोपतात म्हणे?"

"चार पलंग आहेत."

"आणि साकेत अजून तुझ्याच कुशीत झोपतो."

दीपश्रीला कळलं. कळायला काही अवघड नव्हतं. तिनं आईच्या गुडघ्यांचा विचार केला, जहाजावरच्या जिन्यांचा केला, पाच दिवस प्रत्येक घासाला मिळणाऱ्या सूचनांचा केला. "हो," म्हणाली, आणि सावनीचा दुसरा मोजा शोधायला कपाटात वाकली.

"मी जहाज कधी बघितलंच नाही," मागून वत्सलाबाई म्हणाल्या. "नकाशात निळा रंग भरायला मात्र हजारभर पोरांना शिकवलं." आणि हसल्या.

दीपश्रीही हसली. दीडच्या बसला तिनं आईला बसवलं. "पुरे, जा तू आता, ऊन केवढं आहे," खिडकीतून आई म्हणाली. देशपांडे नगरात, थोरल्या मुलाकडं, त्या राहत.

*

गोव्याच्या पाकिटात विशेष काही नव्हतं. जहाजावर चढण्याआधी मुलांना बोगमाळोच्या किनाऱ्यावर न्यायचं टाळा, दमतील, एवढंच.

कोचीला मंगळवारी उतरले. बाकीची मंडळी सहलीच्या बसकडं गेली. दीपश्रीनं धक्क्यावर पाकीट उघडलं. सरकारी बोटीनं पलीकडं जा, बोट हीच आजची गोष्ट. धक्क्यावर तिकिटाला बायकांची रांग वेगळी असते. बोटीत डाव्या बाजूला बसा, ऊन उजवीकडून येईल. मोजणी: चार. सगळं तसंच होतं. मुलं बोटीतून तीनदा आली-गेली आणि शेजारच्या एका बाईनं साकेतला केळ्याचे काप दिले. दीपश्रीला आईचा अभिमान वाटला. कुणाला तरी विचारून लिहिलं असणार.

त्या संध्याकाळी जहाजावर घोषणा झाली. लक्षद्वीपजवळ समुद्र खवळलाय, तिथं थांबणं रद्द. त्याऐवजी बुधवारी मंगळूर.

"तिसरं पाकीट फुकट गेलं," दीपश्री म्हणाली.

"तरी उघडायचं," सावनी म्हणाली. "नियम आहे."

बुधवारी सव्वानऊला बंदराच्या फाटकाबाहेर, ट्रकांच्या धुळीत, दीपश्रीनं ते उघडलं.

पहिल्या ओळीत लिहिलं होतं: पणंबूर. म्हणजे मंगळूरचाच किनारा.

तिनं कागद पालथा करून बघितला. पुन्हा सुलटा केला. आईचंच अक्षर, निळ्या शाईचं, ओळी उजवीकडं जरा चढत्या. 'बंदराच्या फाटकापासून किनारा जवळ आहे. समुद्र हीच आजची गोष्ट. लाटांत गुडघ्यापर्यंतच. नंतर शहाळी. फोन बॅगेत ठेवायचा, बाहेर काढायचा नाही. बाराला परत. मोजणी: पाच.'

"दोन्ही शक्यता धरून लिहिलं असेल," अनिश म्हणाला. "हुशार आहेत आई."

"चार दिवसांपूर्वी?"

"हवामान बघत असतील. आणि पाच म्हणजे चुकलं असेल. अडुसष्ट वय आहे, दीपा."

आकडा चुकला नव्हता. आई एकवेळ स्वतःचं नाव चुकेल, मोजणी चुकणार नाही. पण सावनी हात ओढत होती, आणि वत्सलाबाईंची मुलगी चाळीसाव्या वर्षीही वत्सलाबाईंच्या सहलीत होती. तिनं फोन बॅगेत टाकला आणि चेन लावली.

किनारा मोठा आणि रिकामा होता. मुलं ओरडत पाण्यात शिरली. दीपश्री गुडघाभर पाण्यात त्यांच्यामागं उभी राहिली. लाट परतताना पायांखालची वाळू सरकत होती, आणि तिच्या डाव्या बाजूला हातभर अंतरावर पाणी दोन ठिकाणी अडून, वळसा घालून जात होतं, जणू तिथंही कुणी पाय रोवून उभं आहे. तिला वाटलं, खाली दगड असतील. तिनं पाय पुढं करून चाचपलं. दगड नव्हते.

अकराच्या सुमारास अनिश लांब जाऊन फोनवर बोलून आला. "ऑफिस," म्हणाला. मग त्यानं तिचे आणि मुलांचे बरेच फोटो काढले.

शहाळीवाल्याला तिनं कन्नडमधे चार सांगितली. त्यानं पाच सोलली.

"नाल्कु," ती म्हणाली. "चारच."

"ऐदु जन अल्वा?" पाच जण आहात ना, असं त्यानं विचारलं. तिच्या खांद्यावरून मागं बघितलं, मग तिच्याकडं, आणि पाचवं शहाळं गाडीवर बाजूला ठेवलं, नळीसकट.

बाराला ते परत फिरले. फाटकापाशी सावनीनं बोट दाखवत मोजलं. एक, दोन, तीन, चार, पाच.

"पाच कुठून आले गं?"

"अज्जीनं लिहिलंय ना," सावनी म्हणाली.

*

वत्सलाबाई बुधवारी सकाळी सव्वादहाला हुबळीत एका दवाखान्यात वारल्या होत्या. हृदय बंद पडलं. जहाजावर रेंज नव्हती; दीपश्रीला हे गुरुवारी वास्कोच्या फलाटावर, बुधवारपासून बॅगेतच पडलेला फोन काढल्यावर कळलं, गाडी यायला वीस मिनिटं असताना. तोवर अग्नी देऊन अठरा तास झाले होते.

"तुला माहीत होतं," ती अनिशला म्हणाली. "किनाऱ्यावर."

"जहाज दोनला सुटणार होतं. दोन पोरं घेऊन टॅक्सीनं घाट चढून तू..."

"आठ तास. मंगळूर ते हुबळी आठ तास. तू माझे फोटो काढत होतास."

त्यानंतर बारा दिवस ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली. देशपांडे नगरच्या घरात येणाऱ्या-जाणाऱ्यांना ती पाणी देई, भांडी घाशी, इतक्या जोरात की चंद्रभागामावशी, आईची थोरली बहीण, दोनदा येऊन म्हणाल्या, "पितळ आहे गं ते, वैरी नाही." कुणी 'सुटल्या बिचाऱ्या' म्हणालं की दीपश्री तिथून उठून जाई. आई कशातून सुटली होती? तिला कुठं अडकवलं होतं कुणी?

तेराव्या दिवशी पाहुणे जेवून गेल्यावर ती थोरल्या भावासमोर उभी राहिली. वादिराज, तिचा अण्णा, तारिहाळला यंत्रांच्या सुट्या भागांचा कारखाना चालवायचा. टक्कल करून तो अगदी म्हातारा दिसत होता.

"एक रात्र तिला ठेवता आलं नाही तुला?"

"मावशी म्हणाल्या, दिवस मावळायच्या आत."

"मावशी! आणि तू? तुला जीभ नव्हती?"

"फोन आधी तुलाच केला होता मी," अण्णा म्हणाला. त्याचा आवाज चढला. "एकदा नाही, तीनदा. उचलला नाहीस. तू उचलला असतास तर मी थांबलो असतो, दीपे. आईशप्पथ थांबलो असतो. बॅगेत घालून बसलीस काय फोन?"

तिनं पर्समधून कागद काढून त्याच्या हातात दिला. त्यानं वाचला. फोनच्या ओळीवर त्याचा अंगठा थांबला.

"हे कधी दिलं तुला?"

"शनिवारी."

"आणि जहाज मंगळूरला वळलं कधी?"

"मंगळवारी."

अण्णा खुर्चीवर बसला. 

"त्या दिवशी सकाळी आठला चपला मागत होती," तो म्हणाला. "दवाखान्यात. म्हणाली, वाळू तापायच्या आत जायला हवं. डॉक्टर म्हणाले, भ्रम आहे. मीही म्हणालो, हो आई, देतो." त्यानं कागदाची घडी घातली. "चपला दिल्या नाहीत मी."

"रागावली होती का? माझ्यावर?"

"कशाबद्दल?"

दीपश्रीनं कागद त्याच्या हातून परत घेतला. गेले बारा दिवस ती हेच विचारत होती, अनिशवर ओरडून, पितळ घासून. आईला कळलं होतं का? सगळं कळूनही मुलगी मोजे शोधत राहिली, हे मनात घेऊन आई गेली का? आणि आता विचारायचं कुणाला?

"मावशीला दाखवू नकोस हे," अण्णा म्हणाला.

*

साडेचारला ते निघाले. बाहेर अजून लख्ख ऊन होतं. साकेत पेंगत होता, म्हणून अनिश त्याला मांडीवर घेऊन मागं बसला, शेजारी सावनी. दीपश्री चालवणार होती. तिच्या डावीकडची पुढची जागा रिकामी राहिली.

चंद्रभागामावशी फाटकापर्यंत आल्या. "येते म्हणू नकोस," हळूच म्हणाल्या. "अशा घरातून निघताना कुणाला ये, चल म्हणायचं नसतं. गुमान जा. मागं बघू नको."

तिनं गाडी सुरू केली. लगेच पट्टा लावा म्हणून गाडी पीं पीं करायला लागली. तिचा पट्टा लावलेला होता.

"पुढच्या सीटवर काय ठेवलंयस?" अनिशनं विचारलं.

"काही नाही."

"काहीतरी वजन असल्याशिवाय वाजत नाही ते."

सीट रिकामी होती. तिनं तळहातानं झटकली. आवाज थांबला नाही. अण्णा काचेशी वाकला. "सेन्सर गेला असेल. उद्या तारिहाळला आण, आमचा उमेश बघेल."

"मंगळवारीच तर सर्व्हिसिंग केलंय."

"मग पट्टा नुसता अडकवून टाक. गप्प बसेल."

पीं पीं पीं. साकेत जागा होऊन रडायला लागला. दीपश्रीचा राग, जो बारा दिवस नवऱ्यावर, भावावर, मावशीवर वाटून उरला होता, तो सगळा त्या रिकाम्या जागेकडं वळला.

"काय पाहिजे?" ती ओरडली. "लिहून ठेवायचं सगळं! मुतारी कुठं, ऊन कुठून! आणि तोंडानं एक शब्द मागायचा नाही! का नाही मागितलंस? मी नाही म्हणाले असते का?"

 फाटकाशी मावशींनी पदर तोंडावर धरला.

नाही म्हणाले असते, दीपश्रीला वाटलं. म्हणालेच होते.

ती वाकली. पलीकडचा पट्टा ओढला. तो नेहमीपेक्षा जास्त बाहेर आला. तिनं तो खटक्यात अडकवला.

आवाज थांबला.

पट्टा मात्र सीटला टेकला नाही. पाठीपासून वीतभर पुढं, पोटाशी गोलसर होऊन, तो तसाच ताणलेला राहिला. मग अगदी हळू वर झाला, आणि खाली आला.

मागून सावनी पुटपुटत मोजत होती. दीपश्रीनं तिला थांबवलं नाही.

"आई," ती म्हणाली, "तू पण चल."