भोंडव्यांनी वाचलेली पट्टी

"तुमच्या पट्टीतून पत्ता फुटला, बाई!" साक्षीदार संरक्षण खात्याचे सचिव दिगंबर शितोळे प्रयोगशाळेत शिरताशिरताच म्हणाले. मागे त्यांचे स्वीय सहायक भोंडवे, दोन्ही हातांत साहेबांचे फोन.

कोसळलेल्या पुलाच्या खटल्यात ठेकेदाराविरुद्ध एकच साक्षीदार उरली होती, अभियंता कुंदा लोखंडे. तिच्या लपण्याच्या घरावर काल भरदुपारी ठेकेदाराची माणसं चालून आली. मागची भिंत चढून ती कशीबशी निसटली. साक्ष उद्या होती.

पट्ट्या बनवणाऱ्या डॉ. शर्वरी टिळेकर शांतपणे म्हणाल्या, "युग्मपट्ट्या दोन, साहेब. एक तुमच्याकडे, एक कुंदाताईंकडे. आतले कण जुळे. यादीतल्या कोणत्या घरी जायचं, हे पट्टी वाचेपर्यंत ठरलेलंच नसतं. मलाही ठाऊक नसतं. एक वाचली की दुसरीवर तेच घर उमटतं. मधून काही जातच नाही, मग चोरणार काय? तुमची पट्टी वाचली कोणी?"

साहेबांनी भोंडव्यांकडे पाहिलं. पट्टीचं पाकीट स्वतः फोडणं त्यांच्या हुद्द्याला शोभत नसे.

"मीच, मॅडम. साहेब गाडीत होते, म्हणून ग्रुपवर टाकलं. वर 'अतिगोपनीय' लिहून."

"खात्याने सुरक्षित फोन दिलाय ना?"

"त्यावर सुप्रभात जात नाही हो," साहेब कुरकुरले.

"ग्रुपवर कोण कोण आहे?"

"आपलीच माणसं. कचेरीतली, चार पत्रकार, साहेबांचे हितचिंतक..."

"आणि ठेकेदार?"

"ते हितचिंतकांत धरलेत."

शर्वरीबाईंनी हे ताडलंच होतं. एका दिवसात साहेबाची सवय मोडत नाही. ती धरूनच आखणी करावी लागते. सकाळीच नवी जोडी तयार करून त्यातली एक पट्टी त्या स्वतः कुंदाच्या हातात देऊन आल्या होत्या. दुसरी त्यांनी भोंडव्यांपुढे धरली. "वाचा. नेहमीसारखं."

भोंडव्यांनी वाचली. अंगठा सवयीने फोनवर गेला आणि तिथेच थिजला. ते साहेबांच्या कानाशी लागले.

"माझा बंगला?" साहेब ओरडले, आणि लगेच आवाज खाली आणून त्यांनी स्वतः उठून दार लावलं. "बाई, बदला हे!"

"एकदा उमटलं की बदलत नाही. कुंदाताई निघाल्यासुद्धा असतील."

"यादीत दुसरं घर कोणतं होतं?"

"या वेळी मी दोनच भरली होती. दुसरं तुमच्या सासुरवाडीचं."

साहेबांनी मनातल्या मनात दोन्ही बाजू जोखल्या. "बंगलाच बरा."

"घरी बाईसाहेबांना कळवू का?" भोंडव्यांनी फोन उचलत विचारलं.

"बंद करा तो!" साहेबांनी गाडीची किल्ली मागून घेतली. "मी स्वतः जाऊन सांगतो."