बाजेवरचं छत

यशोधरा सासूला सकाळचा चहा पाजत होती, तेवढ्यात गिलाव्याचा एक ढपला छतातून सुटला आणि बाजेच्या कडेला येऊन फुटला. बशीत वाळूची कचकच झाली. तिनं तो चहा ओतून दिला, दुसरा केला, आणि अंगणवाडीत कामाला जाता जाता सोपान गवंड्याच्या घरी निरोप ठेवला. घाबरायलासुद्धा अंगात जोर लागतो, आणि तो तिच्यात राहिलाच नव्हता.

सासू पारूबाई अर्धं अंग गेल्यापासून अंथरुणाला खिळलेली. नवरा रविंद्र भोसरीला कंपनीत, शनिवारी रात्री उगवायचा. उचलणं, पुसणं, भरवणं, मध्यरात्रीच्या हाका, सगळं यशोधराच्या वाट्याला. खोडदच्या त्या दोन खोल्यांत सलग झोप कधी लागली होती, हे तिला आठवतही नव्हतं.

सोपान आला, टेबलावर चढला आणि हातोडीच्या दांड्यानं छत ठोकू लागला. धड गिलावा टणटण वाजतो, सुटलेला बद्द वाजतो. जिथं बद्द वाजलं, त्याच्या कडेकडेनं तो कोळशानं रेघ ओढत गेला.

"वैनी, एवढंच सुटलंय. ठिगळ लावलं तरी भागंल. पन माजं ऐकाल तर सगळंच काढू. एकदाच काय ती घान व्हईल."

सगळं काढायचं म्हणजे सासूला बाहेरच्या खोलीत न्यायचं, मग धूळ, राडा, भांडीकुंडी हलवणं. नुसत्या विचारानंच यशोधरा दमली.

"ठिगळच लावा, भाऊ."

सोपान खाली उतरला आणि त्यानं सहज वर बघितलं. कोळशाची रेघ माणसाच्या आकाराची झाली होती. कुशीवर निजलेलं, गुडघे पोटाशी घेतलेलं माणूस. खाली बाजेवर पारूबाई अगदी तशीच निजली होती.

"पान्याची वल पसरती कशीबी," तो पुटपुटला.

काम करायला जागा व्हावी म्हणून दोघांनी बाज समोरच्या भिंतीला लावली. दुसऱ्या दिवशी भरदुपारी सोपान सामान घेऊन आला. रेघेच्या आतला गिलावा पाडायच्या आधी त्यानं सवयीनं एकदा दांडा ठोकला. टणटण. परत ठोकला. रेघेच्या आत सगळीकडं टणटण. त्यानं टेबल ओढत बाजेपाशी नेलं आणि म्हातारीच्या वर ठोकलं.

बद्द.

बाहेर कांद्याचा ट्रॅक्टर घरघरत गेला. खोलीत मात्र बंद रांजणासारखा ओला वास भरून राहिला होता.

"वैनी... काल हितं घट्ट व्हतं."

पारूबाईनं डोळे उघडले. कितीतरी दिवसांनी ती नुसत्या हाकेपलीकडं काही बोलली.

"मला हलवू नगं, बाई... मी हालले का त्यालाबी हालावं लागतं... लई दमलंय ते."

"कोन, आत्या?"

म्हातारीनं डोळे मिटून घेतले.

शनिवारी रविंद्रनं सगळं ऐकलं आणि हसण्यावारी नेलं. "आपल्यात भूतबीत कोन मानतं? स्लॅबला पानी लागलंय. तू म्हनशील तसं करू."

म्हणजे परत तिच्याच गळ्यात. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. आत्याला हलवावं, तर ती नको म्हणते. तिथंच ठेवावं, तर उद्या डोक्यात ढपला पडायचा. आणि ठिगळ लावायचं तरी कुठं? यशोधराला एकदाचं सुटायचं होतं. कशातून, हे तिनं स्वतःशीसुद्धा उच्चारलं नाही.

"काढा सगळं," ती म्हणाली.

पारूबाईला बाहेर नेलं. गिलावा पाडला, तर खाली कोरडा ठणठणीत स्लॅब, पाण्याचा डागसुद्धा नाही. नवा गिलावा सुकायच्या आत पारूबाई बाहेरच्या खोलीत झोपेतच गेली. 'मला हलवू नगं' हे शब्द यशोधराला फार लागले. ती रडली, आणि रडता रडता तिला पेंगही आली, याची तिला लाज वाटली.

पारूबाईच्या नावानं पुण्यानुमोदनाचा विधी झाला, पाहुणे पांगले, रविंद्र भोसरीला गेला. सोपान एकदा येऊन दोन्ही खोल्यांची छतं कोपरा न् कोपरा ठोकून गेला.

"खनखनीत हाय, वैनी. आता निवांत निजा."

त्या दुपारी ती खरंच निजली. आतल्या खोलीत, त्याच बाजेवर. आता हाक मारणारं कुणी नव्हतं. डोळा लागतो न लागतो, तोच कपाळावर वाळूचा बारीक कण पडला. मग आणखी एक.

जळमटं काढायचा बांबू हाताशीच होता. तिनं पडल्या पडल्याच तो उचलला आणि वर ठोकलं.

बद्द.

उठावं, शेजारच्या लंकाबाईला हाक मारावी, असं मनात आलं. पण पाय उचलेनात. तिनं बांबू खाली सोडला, गुडघे पोटाशी घेतले आणि भिंतीकडं तोंड करून कुशीवर वळली.

जरा वेळानं वर, नव्या गिलाव्याच्या आत, कुणीतरी सावकाश, कण्हत, कुशीवर वळलं.