मे महिन्यातले कुरव

वाघोळी तलावावरच्या उन्हाळी गणनेत पन्नास जातींचे पक्षी टिपले, की थंडीतल्या गणनेच्या होडीत जागा मिळायची. मैथिली भोईच्या एकोणपन्नास झाल्या होत्या. म्हणजे तिला एकच पक्षी हवा होता, आणि एकच पक्षी हवा असलेल्या माणसावर सहसा कुणी विश्वास ठेवत नाही.

नोंद्याने तर मुळीच ठेवला नाही. नोंद्या म्हणजे तलावाकाठी चाकांवर फिरणारा, नोंदी तपासणारा यंत्रमानव. मैथिलीने त्याला तीन कुरवांचा (मोठ्या पाण्यावर दिसणारे पांढरे-करडे पक्षी) फोटो दाखवला. गोड आवाजात तो म्हणाला, "कुरव हे पाहुणे पक्षी. एप्रिलअखेर लडाखकडे जातात. फोटो जुना आहे. नोंद बाद." वर तिच्या नावापुढे शेरा मारला: अविश्वसनीय.

पहाटेपासून गुडघाभर चिखलात उभ्या राहिलेल्या मुलीला हा शेरा कसा पचावा? ती तणतणत आजोबांकडे गेली. जाळं सांधताना ते हसले. मे महिन्यातच तर ही कार्टी जाळ्यातली मासळी पळवतात, म्हणाले. त्यांनीही पूर्वी तीनदा कळवलं होतं. तिन्ही वेळा बाद. मग त्यांनी नाद सोडला.

मैथिलीने नोंद्याला थेट पाण्याजवळ नेलं. समोरच्या खडकावर कुरव बसले होते. नोंद्याने बराच वेळ पाहिलं आणि तो म्हणाला, "माझ्या भिंगात बिघाड दिसतो."

"भिंगात नाही, डोक्यात. यांच्या शेपटीच्या टोकाला काळी पट्टी आहे. ती कुणाला असते?"

"वर्षभराच्या पोरवयातल्या पक्ष्याला."

"तो अंडी घालतो?"

"नाही. तो अपरिपक्व (अजून वयात न आलेला) असतो."

"आणि मोठे लडाखला कशाला जातात?"

"अंडी घाल..." नोंद्या अडखळला.

"मग या पोरांनी दोन हजार किलोमीटर उडून तिथे करायचं काय? काही राहतात इथेच. मेमध्ये कुरव नसतात, हे तुला सांगितलं कुणी?"

"आजवरच्या नोंदींनी. मेमधली एकही नाही."

"असेल कशी? आल्या तेवढ्या तूच बाद केल्यास ना?"

गाळणी (चुकीच्या नोंदी वगळणारा नियम) हवीच; लोक बगळ्यालाही कुरव म्हणतात. पण ही गाळणी नोंदींवरून बनली होती आणि नोंदी गाळणीतून येत होत्या. तिला आपली चूक कधी दिसणारच नव्हती.

नोंद्याने नियम बदलला. यापुढे वेगळी नोंद फेकायची नाही. बाजूला ठेवायची आणि जाऊन बघायचं. किती पोरं मागे राहतात, हे आता दरवर्षी कळणार होतं. मैथिलीला होडीत जागा मिळाली.

मग तिने बाद नोंदी उघडायला लावल्या. अकरा वर्षं, नऊ माणसं, मेमधले कुरव त्रेसष्ट वेळा. कुरवांचं काही बिघडलं नव्हतं, नोंद्याचंही नाही. नऊपैकी सहा जणांनी मात्र पक्षी बघायला येणंच सोडलं होतं.